भिंतींच्या आधी दोन माणसं

कोकणात घरं बांधायचा हंगाम वेगळा आणि घरं कागदावर काढायचा वेगळा. पाऊस लागला की जांभ्या चिऱ्याच्या खाणी बंद होतात, साइटवर ताडपत्र्या पडतात, गवंडी आपापल्या गावाला लावणीला जातात. मग आमच्यासारख्यांना कॉम्प्युटरसमोर बसण्यावाचून दुसरं काम उरत नाही. माझं टेम्प्लेट मी अशाच एका पावसाळ्यात बसून तयार केलं.

मी घरांचे आराखडे करते. शिकले मुंबईत, पहिली नोकरीही तिथेच केली. त्या ऑफिसात उंच इमारती निघायच्या. एक मजला काढायचा आणि तोच वरवर चढवत न्यायचा. लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक गाळा घेऊन स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा वाटलं होतं की आता प्रत्येक घर वेगळं असेल. तसं झालं नाही. पुढे ओटी, आत हॉल, मागे स्वयंपाकघर, बाजूला दोन बेडरूम, एकाला जोडून बाथरूम, गच्चीवर जायला बाहेरून जिना. कोणी देवघर मागायचं, कोणी नमाजासाठी स्वच्छ कोपरा. बाकी घर तेच. आणि मी मात्र दर वेळी रिकाम्या पडद्यावर चिऱ्याच्या भिंतीची जाडी नव्याने टाकत बसायचे.

म्हणून त्या पावसाळ्यात मी सगळं एकदाच नीट लावून टाकलं. नवी फाईल उघडली की भिंतीची जाडी आधीच ठरलेली. खिडक्या माझ्या स्वतःच्या, वर रुंद छज्जा, कारण इथला पाऊस आडवा येतो. छपराचा उतार ठरलेला. भिंती, पाणी, वीज, फर्निचर आपापल्या लेयरवर. ग्रामपंचायतीला द्यायचा नकाशा, गवंड्याला द्यायचा, घरमालकाला दाखवायची रंगीत चित्रं, सगळी पानं आधीच मांडलेली. एका ठिकाणी भिंत सरकवली की ती सगळ्या पानांवर आपोआप सरकायची. त्यातच एक अख्खं घर मी तयार ठेवलं होतं. प्लॉटची मोजणी आली की ते घर प्लॉटवर ठेवायचं, हवं तसं ताणायचं, गरज पडली तर आरशातल्यासारखं उलटं करायचं. सकाळी प्लॉट बघितलेल्या माणसाला मी त्याच दिवशी त्याच्या घरातून फिरवून आणू शकायचे.

आखातातून सुट्टीवर आलेल्यांना याचं फार अप्रूप होतं. त्यांच्याकडे वेळ नसे. सगळी कामं एका सुट्टीत उरकून पुन्हा विमानात बसायचं असे.

टेम्प्लेटचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. लोक समजतात की त्यामुळे डोकं वापरावं लागत नाही. माझा अनुभव वेगळा आहे. छज्जा किती रुंद हवा याचा विचार रोज करावा लागला नाही, म्हणून प्लॉटवरचं फणसाचं झाड कसं वाचवायचं याला मला सवड मिळाली. पण टेम्प्लेट म्हणजे आधी घेऊन ठेवलेले निर्णय, आणि ते निर्णय कोणाला समोर धरून घेतले होते, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

एका सकाळी तिघं जण ऑफिसात आले. पन्नाशी उलटलेलं एक जोडपं आणि त्यांच्याबरोबर एक बाई. ती बाई म्हणजे त्या गृहस्थांची धाकटी बहीण, मांडवीला राहणारी. तिने सांगितलं की दादा आणि वहिनी दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. दादा मुंबईत एका छापखान्यात होते, वहिनी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायच्या. आता दोघांनीही नोकरी सोडली होती. कुवारबावच्या पुढे वडिलांनी घेऊन ठेवलेली जमीन होती, तिथे त्यांना घर बांधायचं होतं. माझ्या हातचं एक घर त्यांनी तिकडेच बघितलं होतं. दादांना ते आवडलं होतं. तसंच हवं म्हणाले.

मला हायसं वाटलं. तसंच हवं म्हणजे टेम्प्लेटचं काम. मी वही उघडून बहिणीला विचारायला लागले, खोल्या किती, गाडी आहे का, विहीर कुठे. ती वहिनींशी हातांनी बोलायची आणि मला उत्तर द्यायची. मी तिच्याकडेच बघत होते. थोड्या वेळाने वहिनींनी टेबलावर बोटांनी टकटक केली. मी वळून बघितलं. त्यांनी दोन बोटं माझ्या डोळ्यांकडे नेली आणि मग स्वतःच्या चेहऱ्याकडे.

बहीण जरा संकोचून म्हणाली, "त्या म्हणतायत, बोलतेय मी, तर माझ्याकडे बघा."

त्यानंतर मी त्यांच्याकडेच बघत राहिले. सुरुवातीला अवघड गेलं. आवाज एकीकडून यायचा आणि बोलणारी बाई दुसरीकडे. पण लवकरच माझ्या लक्षात आलं की वहिनींच्या चेहऱ्यावर बहिणीच्या शब्दांपेक्षा जास्त काहीतरी चाललेलं असतं. बाई मिश्किल होत्या. दादा मात्र गंभीर, पाठीत ताठ, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं.

दोन दिवसांत घर तयार झालं. मी ते त्यांना पडद्यावर दाखवलं. ओटीवरून आत शिरलो, हॉल बघितला, बेडरूम बघितली, वळून स्वयंपाकघरात आलो. स्वयंपाकघराला माझ्या टेम्प्लेटमध्ये नेहमी स्वतंत्र दार असतं, मासळीचा वास बैठकीच्या खोलीत येऊ नये म्हणून. दादा मान डोलावत होते. वहिनींनी हात वर करून मला तिथेच थांबवलं. मग त्या बोलायला लागल्या. बहीण अडखळत सांगत गेली.

"मी इथे ओट्यापाशी उभी आहे. हे कुठे आहेत?"

मी म्हटलं, हॉलमध्ये असतील. ओटीवर असतील.

"मग ते मला कसे दिसणार?"

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. मुंबईत त्यांची एकच खोली होती. लोक म्हणायचे, केवढीशी खोली, कसे राहता. पण त्या खोलीत कुठेही उभं राहिलं तरी दोघं एकमेकांना दिसायचे. भाकरी थापताना त्या पिठाच्या हातांनी बोलायच्या आणि ते खाटेवरून उत्तर द्यायचे. भांडणं, चेष्टा, छापखान्यातल्या गोष्टी, सगळं तिथेच. माझ्या घरात चार खोल्या होत्या आणि प्रत्येकीला चार भिंती.

"तुम्ही लोक भिंतीतून बोलता," त्या म्हणाल्या. "आमचं बोलणं भिंतीतून जात नाही. या घरात मी दिवसभर एकटी असेन."

मी म्हटलं, बदलते. मला ते तेव्हा किरकोळ काम वाटलं. स्वयंपाकघराची भिंत पुसायची, की झालं. पुसून बघितली. त्यावर दादांचे हात उठले.

त्यांचं म्हणणं नंतर बहिणीने मला सांगितलं. आयुष्यभर लोकांनी त्यांना वेगळं काढलं होतं. शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, लग्नाच्या पंगतीत बसायची जागासुद्धा कडेची. आता गावाकडे स्वतःच्या पैशांनी घर बांधताना तरी ते चारचौघांसारखं हवं. पाहुण्यांना बसायला नीट हॉल हवा. आलेल्या माणसाने आत पाय ठेवताच उघडं स्वयंपाकघर बघून, मुक्याबहिऱ्यांचं घर आहे, असं म्हणायला नको.

पण त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या ऑफिसात, टेबलाच्या पलीकडे, नवराबायकोचं भांडण चाललं होतं आणि पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता. वहिनींचे हात झरझर चालत होते. दादा एकदा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले, तेव्हा वहिनींनी त्यांची हनुवटी धरून चेहरा परत आपल्याकडे वळवला. त्यांच्यात ऐकून घ्यायचं नाही म्हणजे बघायचं नाही, हे मला तेव्हा कळलं. मी बहिणीकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती.

"हे त्यांचं घरातलं आहे," ती हळूच म्हणाली. "हे मी नाही सांगत."

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. दादा नमस्कार करून निघून गेले. मला वाटलं, काम गेलं. संध्याकाळी वहिनींचा फोनवर मेसेज आला. त्यांचं मराठी लिहिणं तुटक असायचं, पण अर्थ स्पष्ट असायचा. "राग आला नाही. घरी या. बघा आम्ही कसे राहतो."

त्या वेळी ते मांडवीला बहिणीच्या घरी राहत होते. मी रविवारी गेले. घर साधंच होतं, समुद्राकडे तोंड करून बांधलेलं, आणि आतून जवळजवळ माझ्या टेम्प्लेटसारखंच. बहीण बाजारात गेली होती, त्यामुळे आम्ही तिघंच होतो. मी तासभर नुसतं बसून बघितलं. वहिनींना दादांना काही सांगायचं असलं की हात पुसायचे, स्वयंपाकघरातून बाहेर यायचं, हॉल ओलांडायचा, त्यांच्या खांद्याला स्पर्श करायचा, सांगायचं आणि परत जायचं. चहात साखर किती, एवढं विचारायलाही. मुंबईत जमीन लाकडी फळ्यांची होती, पाय आपटला की दुसऱ्याला कळायचं. इथल्या फरशीतून काही कळत नव्हतं. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर वहिनींनी येणं सोडून दिलं. दादा वर्तमानपत्र वाचत एकटे बसले, त्या आत एकट्या काम करत राहिल्या.

थोड्या वेळाने दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मला खिडकीकडे बोट दाखवलं. पश्चिमेची मोठी खिडकी, तिच्याखाली सोफा. अशीच खिडकी माझ्या घरात होती. ते उठून त्या सोफ्यावर जाऊन बसले आणि हातांनी काही बोलले. उन्हं त्यांच्या पाठीमागे होती. मला फक्त काळी आकृती दिसली, हात कुठे संपतात आणि बोटं कुठे सुरू होतात तेही कळेना. मग ते समोरच्या खुर्चीत, उजेडाकडे तोंड करून बसले आणि तेच पुन्हा केलं. आता प्रत्येक बोट दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. वहिनी दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसलं, दादांना नाही.

मला वाटतं, घर त्या रविवारी सुरू झालं. दादांनी एकदा खिडकीत लक्ष घातल्यावर बाकीच्या घरात ते आपोआप घातलं गेलं.

सोमवारी मी टेम्प्लेट न वापरता रिकामी फाईल उघडली. किती दिवसांनी उघडली ते आठवत नव्हतं. आधी भिंती न काढता मी दोन माणसं ठेवली. प्रोग्रॅममध्ये माणसांच्या तयार आकृत्या असतात, चित्रात शोभेसाठी वापरतात तशा. एक ओट्यापाशी, एक ओटीवर. कॅमेरा एकीच्या डोळ्यांच्या उंचीवर नेला आणि दुसरी दिसते का ते बघितलं. मग माणसं हलवली. एक शिवणयंत्रावर, एक मागच्या पडवीत. दर वेळी दोघांमध्ये एक रेघ ओढायची, आणि जी भिंत त्या रेघेला कापेल ती उचलायची, कमी करायची किंवा तिच्यात मोकळी फट ठेवायची. एका दुपारी होणारं काम दोन आठवडे चाललं. वहिनींना मी चित्रं पाठवायचे आणि त्या त्यावर बोटाने लाल गोल काढून परत पाठवायच्या.

घराच्या मध्यभागी एक चौक तयार झाला, सगळ्या खोल्या त्याच्याकडे बघणाऱ्या. स्वयंपाकघर आणि चौक यांच्यामध्ये कमरेएवढीच भिंत, वर बीम टाकून मोकळं. वाट नेहमीपेक्षा रुंद, कारण बोलत चालायचं तर त्यांना शेजारी शेजारी आणि एकमेकांकडे बघत चालावं लागतं. कोपरे तिरपे कापलेले, म्हणजे पलीकडून येणारं माणूस आधी दिसावं. बेलऐवजी सगळ्या खोल्यांत दिवा लागावा अशी सोय. आणि दादांसाठी पुढची बाजू पूर्ण चारचौघांसारखी. ओटी, उतरतं छप्पर, आणि आत शिरताच पाहुण्यांचा हॉल, ज्यातून स्वयंपाकघर दिसत नाही. हॉलमधल्या दादांच्या खुर्चीवरून मात्र एका अरुंद फटीतून थेट ओटा दिसायचा. ती खुर्ची कुठे ठेवायची ते आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. वासासाठी मी मागच्या भिंतीला वर जाळी ठेवली आणि मोठा पंखा बसवला. तरीही माशाच्या दिवशी वास येईल, हे मी वहिनींना सांगितलं. त्यांनी हाताने उडवून लावलं.

बांधकाम दिवाळीनंतर सुरू झालं. गवंडी माझा जुना माणूस होता, माझी बरीच घरं त्याने बांधली होती. एकदा त्या तिघांबरोबर साइटवर गेले, तर चौकाची ती कमरेएवढी भिंत डोक्याच्या वर गेलेली. मी विचारलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मला वाटलं मॅडमकडून ऱ्हायलं. म्हणून मीच वरपर्यंत घेतली." त्याचं तरी काय चुकलं. इतकी वर्षं त्याला मी ती भिंत पूर्णच दिली होती.

मी त्याला समजावणार तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. त्यांनी दादांना भिंतीच्या पलीकडे उभं केलं, गवंड्याला अलीकडे बोलावलं आणि बहिणीतर्फे सांगितलं, यांना हाक मारा. गवंड्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने एक हाक मारली. मग जरा मोठ्याने दुसरी. कामावरची माणसं वळून बघायला लागली. दादा पलीकडे, आमच्याकडे पाठ करून, फणसाच्या झाडाकडे बघत निवांत उभे होते. मग पहार घेऊन गवंड्याने स्वतःच वरचा चिरा सैल केला. सिमेंट अजून ओलंच होतं. संध्याकाळपर्यंत भिंत कमरेपर्यंत उतरली आणि दादा पुन्हा पलीकडे जाऊन वळले तेव्हा वहिनी त्यांना त्यावरून दिसत होत्या.

वास्तुशांतीला मी गेले. खूप माणसं होती. मुंबईहून त्यांच्यासारखीच वीसेक मित्रमंडळी आली होती. पुढच्या हॉलमध्ये गावचे पाहुणे बसले, चहा, कौतुक, नेहमीचं बोलणं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दादांच्या पाठीवर थाप मारून बहिणीला सांगितलं की अगदी पद्धतशीर घर बांधलंय. दादांनी ते ओठांवरूनच वाचलं असावं, कारण बहिणीचे हात हलायच्या आधीच त्यांचा चेहरा उजळला. आत चौकात मात्र वेगळंच चाललं होतं. स्वयंपाकघरातून ओटीकडे, पडवीतून शिवणाच्या खोलीकडे, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोक बोलत होते. मधूनच कोणीतरी खदखदून हसायचं. मला त्यातलं काही समजत नव्हतं. इतक्या माणसांत मी एकटीच मुकी होते. मग वहिनींनी ओट्यामागून मला हात केला, आधी माझ्याकडे, मग ताटाकडे बोट दाखवलं. एवढं समजलं. मी जेवायला बसले.

टेम्प्लेट मी टाकून दिलं नाही. लोक थोड्या दिवसांसाठी येतात, त्यांना घर लवकर लागतं, आणि चांगला छज्जा सगळ्यांनाच लागतो. फक्त त्यातलं ते तयार घर मी काढून टाकलं. भिंतींची जाडी, खिडक्या, लेयर, पानं सगळं आहे, पण नवी फाईल उघडली की आधी मोकळ्या जमिनीवर दोन माणसं उभी दिसतात. पुढच्या माणसाला मी विचारते, तुमच्या घरात कोण कोणाशी कुठून बोलतं? काही जण हसतात. एका सुनेने, सासूला दिसणार नाही असा कोपरा हळूच मागून घेतला. तोही मी दिला.

मागच्या महिन्यात अंजनवेलहून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, कुवेतला नोकरीला. त्यांना मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "आम्ही फोनवरच बोलतो. जिथे रेंज येते तिथून."

मी त्यांच्याबरोबर प्लॉटवर गेले. त्या फोन हातात धरून कातळावर इकडून तिकडे चालत गेल्या, मी मागोमाग. ईशान्येच्या कोपऱ्यात, हद्दीच्या दगडी गडग्यापाशी, चांगली रेंज होती. मी तिथे खूण केली. आता त्या फाईलमध्ये एक माणूस त्या कोपऱ्यात बसलेला आहे. दुसरा कुठे ठेवायचा ते अजून मला सुचलेलं नाही.